म्हातारपण मोजणाऱ्यांनी कोणाला मोजलं?

साठी ओलांडली की माणसाची जात, भाषा, धंदा, जमीन, संसार सगळं मागे पडतं आणि उरतो तो फक्त ‘ज्येष्ठ नागरिक’, अशी वृद्धत्वाच्या अभ्यासाची फार जुनी समजूत आहे. या समजुतीशी मी आयुष्यभर भांडत आले. नागपुरात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य शिकवताना भांडले, परिसंवादांत भांडले, आणि निवृत्तीनंतरही ते भांडण मिटलेलं नाही. त्यामुळे या आढाव्यात तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. माझं म्हणणं असं आहे: माणसं जसजशी म्हातारी होतात तसतशी ती एकमेकांपासून वेगळी होत जातात. जे संशोधन हा फरक पुसून नुसती सरासरी काढतं, ते सगळ्यांत गरजू म्हाताऱ्यालाच पुसून टाकतं.

बाल्टिमोर ते जिनिव्हा, भराभर

परदेशातला इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो, तो लवकर आटोपते. अमेरिकेतला बाल्टिमोरचा दीर्घकालीन अभ्यास १९५८ साली सुरू झाला. तीच ती माणसं वर्षानुवर्षं तपासत राहायची, ही कल्पना थोरच होती. पण पहिली वीस वर्षं त्यात स्त्रिया नव्हत्या. त्यांना प्रवेश मिळाला १९७८ मध्ये. स्वतःहून पुढे आलेल्या, बहुतांशी गोऱ्या आणि सुशिक्षित पुरुषांच्या शरीरावरून ‘सामान्य वार्धक्य’ म्हणजे काय ते ठरत होतं. १९६९ मध्ये रॉबर्ट बटलर यांनी वयावरून होणाऱ्या भेदभावाला नाव दिलं. १९८७ मध्ये रो आणि कान या जोडीने ‘सायन्स’मध्ये ‘नेहमीचं’ आणि ‘यशस्वी’ अशी वार्धक्याची विभागणी मांडली. तिचा आपल्याकडच्या रविवार पुरवण्यांनी फार सोयीचा अर्थ लावला: पहाटे फिरायला जा, हसत राहा, छंद जोपासा, म्हणजे म्हातारपण यशस्वी. ज्याने पन्नास वर्षं पाठीवर पोती वाहिली त्याचे गुडघे गेले, तर तो या हिशेबात नापास होतो आणि दोषही त्याच्याच माथी येतो.

त्याच १९८७ साली समाजशास्त्रज्ञ डेल डॅनेफर यांनी मांडलेला विचार मला कितीतरी मोलाचा वाटतो. सुरुवातीला मिळालेला छोटासा फायदा किंवा तोटा आयुष्यभर साठत जातो, असं ते म्हणतात. एकाच वर्षी शाळेत जाण्याच्या वयाच्या झालेल्या दोन मुली. एक शाळेत गेली, दुसरी तेंदूपत्ता तोडायला. सहाव्या वर्षी दोघींमध्ये फरक फार नव्हता. साठीला तो दात, डोळे, हाडं, बँकेचं पासबुक, डॉक्टरशी बोलण्याची हिंमत, सगळ्यांत दिसतो. डॅनेफर आणि नेल्सन यांनी १९९२ मध्ये वार्धक्यावरचे पुष्कळ अभ्यास चाळून दाखवलं, की अनेक संशोधक सरासरी छापतात, पण माणसं तिच्याभोवती किती पसरलेली आहेत हे सांगतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेला ‘नमुनेदार म्हातारा’ अशी काही चीज नसते, हे आपल्या अहवालात स्पष्ट लिहायला २०१५ साल उजाडलं.

आपल्याकडचे अहवाल

भारताचा पाढाही असाच. १९८२ ची व्हिएन्नाची जागतिक परिषद, १९८६-८७ मधली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ४२वी फेरी, १९९९ चं राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरण, २००७ चा आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचा ‘सेज’ अभ्यास आणि २०११ चं संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीचं सात राज्यांचं सर्वेक्षण आलं. या दोन्हींत महाराष्ट्र होता. मराठी माणसाने अभिमानाने सांगावं असं नाव म्हणजे गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या कुमुदिनी दांडेकर. भारतातल्या वृद्धांवरचं त्यांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. ते आता ग्रंथालयातून कोणी मागतही नाही.

सगळ्यांत मोठं काम ‘लासी’ या वार्धक्यावरच्या देशव्यापी दीर्घकालीन सर्वेक्षणाचं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून अधिक माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी एकतीस हजारांवर साठीच्या पुढचे होते. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. पंच्याहत्तर टक्के वृद्धांना कोणता ना कोणता जुनाट आजार, चाळीस टक्क्यांना काही ना काही अपंगत्व, हे आकडे तेव्हापासून प्रत्येक भाषणात ऐकू येतात. याआधी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होती, पण तिची बायकांसाठीची मुख्य प्रश्नावली पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांची. पन्नासावं लागलं की बाई त्या मुलाखतीतून बाहेर. म्हणून ‘लासी’चं मोल मी कमी करत नाही.

तरी तक्रार आहेच. ‘लासी’चे आकडे राज्यापर्यंत भरवशाचे आहेत, जिल्ह्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे वांद्र्याच्या सोसायटीतले आजोबा आणि भामरागडचा माडिया म्हातारा एकाच महाराष्ट्राच्या सरासरीत बसतात. अनुसूचित जमातींचा वेगळा रकाना असतो. पण त्या एका रकान्यात नागपुरात घर बांधून राहिलेला निवृत्त आदिवासी अधिकारी, यवतमाळचा कोलाम आणि एटापल्लीची माडिया म्हातारी शेजारी शेजारी येतात. कोलाम, माडिया आणि कातकरी या महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित मानलेल्या तीन जमाती. त्यांचं म्हातारपण कसं असतं, हे या रकान्यातून कळत नाही.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. साठीच्या माणसांचा नमुना घेताना साठी गाठण्याआधी गेलेली माणसं आपोआप वगळली जातात. व्यास, हाथी आणि गुप्ता यांनी २०२२ मध्ये नऊ राज्यांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून आणि दलितांचं तीन वर्षांहून कमी आहे. पैशांतला फरक हिशेबात घेतला तरी ही दरी पुरती भरून निघत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या विदर्भात सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. आता उपचार सुधारले तसे त्यातले काही रुग्ण म्हातारपणापर्यंत पोचू लागले आहेत. त्यांचं म्हातारपण कसं असतं, यावर नागपुरात एक तरी दीर्घ अभ्यास व्हायला हवा होता.

वय कोणतं धरायचं?

आता माझ्या आवडत्या विषयाकडे येते. वृद्धत्वाच्या प्रत्येक अभ्यासात पहिला प्रश्न वयाचा असतो, आणि आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांबाबत तोच सगळ्यांत कच्चा असतो. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं त्यांची जन्मतारीख गुरुजींनी एक जुलै लिहिली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांची पुढे कार्डावर एक जानेवारी झाली. कोणत्याही गावची यादी काढा. साठ, पासष्ट, सत्तर या आकड्यांवर माणसांचा ढीग आणि एकसष्ट, सहासष्टला शुकशुकाट.

यावरचा उपाय जुना आहे: घटनांची दिनदर्शिका. मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात ती करायला लावायची, आणि प्रत्येक भागाची वेगळी. विदर्भात त्यासाठी खुणांची कमतरता नाही. १९४२ च्या नागपंचमीला, १६ ऑगस्टला, चिमूर आणि आष्टीला उठाव झाला. १९४८ च्या जानेवारीत गांधीजी गेले. १९५६ हे तर आमच्याकडचं सगळ्यांत भरगच्च साल: दसऱ्याला १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा, १ नोव्हेंबरला नागपूरची राजधानी गेली, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा. १९६८ च्या ऑक्टोबरात मोझरीला तुकडोजी महाराजांचं निर्वाण. मग बहात्तरचा दुष्काळ. वस्ती पाहून खूण निवडायची. बौद्ध वस्तीत दीक्षेवरून विचारायचं, कुणब्यांच्या गावात महाराजांवरून, गिरणीच्या चाळीत संपावरून.

कुही तालुक्यातल्या एका गावातली आजी आठवते. वय विचारलं तर म्हणाली, “मले का मालूम बाई? कागदावर पाहा.” कागदावर १ जानेवारी १९५५ होतं. कार्ड काढणाऱ्या पोराने तोंडाकडे पाहून लिहिलेलं. माझ्या विद्यार्थिनीने कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, तुकडोजी महाराज गेले तेव्हा तुम्ही कुठं होता? आजी लगेच म्हणाली, “तवा माही मोठी पोरगी कडेवर होती. तिच्या आंधी एक पोरगा झालता, तो राह्यला नाही.” न्हाण कधी आलं, सासरी कधी आली, पहिलं बाळंतपण कुठं झालं, असं विचारत विचारत जन्मसाल १९४८च्या आसपास पोचलं. कागदावरची आजी अठ्ठावन्न वर्षांची होती, खरी आजी पासष्टीला आलेली. श्रावणबाळ योजनेला पासष्ट लागतात. या सात वर्षांच्या फरकात तिचं निवृत्तिवेतन अडकलेलं होतं.

संशोधनाच्या अंगानेही बघा. कागदावर अठ्ठावन्नची बाई वाकलेली, दात पडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. संशोधक लिहिणार: ग्रामीण स्त्रियांत अकाली वार्धक्य. ते अकाली किती आणि कागदाची चूक किती, हे दिनदर्शिकेशिवाय ठरत नाही. आणि दिनदर्शिका केली की वयाबरोबर आयुष्यही हाती लागतं. मूल कधी दगावलं, जमीन कधी गेली, गाव कधी सोडलं, हे सगळं तिच्या तोंडून आपोआप येतं. हल्लीच्या टॅबवरच्या प्रश्नावलीत वयाच्या चौकोनात दोन आकडे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मुलं मग भरतात दोन आकडे. काम लवकर संपतं, पण आयुष्य हाती लागत नाही.

हजाराची बिडी

कामठी, भंडारा, तुमसर, गोंदिया हा पट्टा बिडीचा. मी सगळ्यांत जास्त रमले ते इथल्या म्हाताऱ्या बिडी कामगार बायकांमध्ये. त्यांच्यावर कोणी लिहिलं तर ते कामगार कायद्याच्या अंगाने, १९६६ चा कायदा, १९७६ चा कल्याण निधी, एवढंच. वार्धक्यशास्त्राने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप, सुपात ओली पानं आणि जर्दा. पान कैचीने बेतायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, दोन्ही टोकं मोडायची, दोऱ्याने बांधायचं. हनुवटी छातीला टेकलेली. आठव्या-नवव्या वर्षी आईशेजारी बसून शिकलेलं काम सत्तरीतही चालूच राहतं, कारण बिडीतून निवृत्ती नसते. मान, अंगठा, नजर, दम यांची झीज इतर बायकांसारखी होत नाही, ती एका ठरावीक क्रमाने होते. पण या बायकांचं मला सगळ्यांत भावलं ते त्यांचं स्वतःचं मोजमाप. म्हातारी कधी झालात, असं विचारलं तर त्या वय सांगत नाहीत. “हजाराची बिडी पाचशेवर आली तवा,” असं सांगतात. कोणाची पंचेचाळिसाव्या वर्षी आली, कोणाची सत्तरीनंतर. कष्टकऱ्याचं वार्धक्य मोजायचं याहून नेमकं माप कोणत्याही प्रश्नावलीत मला सापडलेलं नाही. मात्र घरातल्या कर्त्याला विचारलं, आई काय करते, तर उत्तर येतं: काही नाही, घरीच असते. सर्वेक्षणात तेच उतरतं.

नागपूरच्या कोष्टी वस्त्यांत हाच धडा दुसऱ्या बाजूने शिकायला मिळतो. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. जमशेटजी टाटांनी तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी सुरू केला. देशातल्या बहुतेक गिरण्यांत तेव्हा त्याचा विचारही नव्हता. पाचपावली-गोळीबार चौक भागात एकाच जातीची, एकाच गल्लीतली दोन माणसं घ्या. एक गिरणीत लागला, दुसरा घरच्या मागावर बसून राहिला. गिरणीवाल्याच्या नावावर फंड जमला, दवाखाना मिळाला. मागवाल्याचे गुडघे खड्ड्यातल्या मागाने घेतले आणि नावावर काहीच नाही. पुढे गिरणीही बंद पडली, २००२ पर्यंत तिचा कारभार आटोपला, आणि उतारवयातल्या कामगाराचं म्हातारपण पुन्हा तिसऱ्याच वाटेने गेलं. जात एक, गल्ली एक आणि वार्धक्यं तीन. म्हणून जातीचा रकाना भरला की विविधता पाहिली, असं मानणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

परीक्षा कोणाची?

म्हाताऱ्या माणसाला काय जमतं, हे मोजायची लॉटन आणि ब्रोडी यांची १९६९ ची मोजपट्टी अजून वापरात आहे. स्वयंपाक, खरेदी, फोन, औषधं, पैशांचा व्यवहार जमतो का, असे प्रश्न. मूळ मोजपट्टीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुण्याचे गुण लावायचे नाहीत, अशी तजवीज होती. आपल्याकडे प्रश्न आले, तजवीज बऱ्याचदा गळली. आयुष्यात चहाही न केलेले आजोबा ‘स्वयंपाक जमत नाही’ म्हणाले की त्यांची परावलंबी म्हणून नोंद होते. नवऱ्याने कधी हातात पैसा न दिलेली आजी ‘हिशेब जमत नाही’ म्हणाली की तिची बुद्धी उतरणीला लागल्याची शंका घेतली जाते.

स्मृतिभ्रंशाच्या चाचणीची गोष्ट तर शिकण्यासारखी आहे. १९७५ ची अमेरिकन चाचणी वाचायला लावते, लिहायला लावते, शंभरातून सात-सात वजा करायला लावते. निरक्षर माणूस तिथे पडणारच. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत ही चाचणी मुळापासून नव्याने बांधली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. ‘डोळे मिटा’ हा लेखी हुकूम वाचण्याऐवजी तपासणाऱ्याकडे बघून तो करतो तसंच करायचं. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी बोलून दाखवायचं. ‘लासी’च्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाने २०२३ मध्ये साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. हे आकडे शक्य झाले ते बल्लभगढसारख्या आधीच्या कष्टांमुळे.

आता हेच आमच्या भागात करून बघा. गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. माडिया म्हातारीला प्रमाण मराठीत प्रश्न विचारायचा, नातवाने दुभाष्याचं काम करायचं, आणि नातू आजीच्या आधी स्वतःच उत्तर देणार. हलबी, छत्तीसगढी, तेलुगू, कामठीची उर्दू, मध्य नागपुरातली हिंदी या सगळ्या भाषांत इथली माणसं म्हातारी होतात. प्रत्येकीत चाचणी घासूनपुसून घेतल्याशिवाय ‘विदर्भातील स्मृतिभ्रंश’ असं शीर्षक कोणी देऊ नये.

ज्यांना वार्धक्य-संशोधन म्हटलंच गेलं नाही

नागपूरच्या म्हाताऱ्या बायकांबद्दल मला सगळ्यांत जास्त शिकवणारं पुस्तक वार्धक्यशास्त्राचं नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ मध्ये आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायका तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या. या दोघी त्यांच्या घरी गेल्या, बोलत्या केल्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. कामठी स्टेशनवर हमाली केलेल्या जाईबाई चौधरींनी मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. हा वारसा घेऊन म्हाताऱ्या झालेल्या इंदोऱ्यातल्या आजीचं म्हातारपण पैशाने गरीब असेल, पण ती पेपर वाचते, सभेत बोलते, डॉक्टरला उलट प्रश्न विचारते. दीक्षेच्या दिवशी तरुण असलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. तारुण्यातली चळवळ म्हातारपणाला काय देते, याचा अभ्यास करायला जगात दीक्षाभूमीइतकी योग्य जागा कमीच असेल. तो अभ्यास आत्ता झाला नाही तर पुढे करायला माणसंच उरणार नाहीत.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने शांतपणे केलेलं कामही याच मांडणीत येतं. १९८९ च्या ‘लॅन्सेट’मधल्या राणी बंग यांच्या अभ्यासाने स्त्रीरोगांचा प्रश्न बाळंतपणाच्या पलीकडे नेला. पुढे योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण पक्षाघात आहे. सुमारे दर सात मृत्यूंमागे एक, आणि त्यातले जवळजवळ नव्वद टक्के लोक घरीच गेले. शहरी श्रीमंतांचा मानलेला आजार अतिमागास जिल्ह्यात पहिला निघाला, कारण कोणीतरी गावोगाव जाऊन मृत्यूची चौकशी केली.

आणि घरांवर आधारलेल्या सर्वेक्षणात न येणारी माणसं? विदर्भात वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी, अमरावतीच्या तपोवनात १९४६ मध्ये शिवाजीराव पटवर्धन यांनी आणि वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांना घर दिलं. रोग बरा झाला, बधिर पाय आणि वाकलेली बोटं राहिली, घरच्यांनी परत नेलं नाही, आणि माणसं तिथेच म्हातारी झाली. घरोघर जाणारा सर्वेक्षक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. वृद्धाश्रम, मनोरुग्णालयातल्या वर्षानुवर्षांच्या खाटा, सीताबर्डीच्या फुटपाथवरचे, किन्नरांच्या डेऱ्यातले म्हातारे गुरू, यांनाही हेच लागू. २०११ च्या जनगणनेने पहिल्यांदा स्त्री-पुरुषांपलीकडे ‘इतर’ असा पर्याय दिला. त्या ‘इतरां’च्या उतारवयाकडे संशोधनाने अजून पुरतं पाहिलेलं नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांवर बरंच लिहिलं गेलं आणि ते योग्यच झालं. पण त्याच घरात मुलाच्या मागे राहिलेले म्हातारे आईबाप असतात. त्यांच्या नावावर कर्ज असतं, सांभाळायला नातवंडं असतात. त्यांच्यावर मला फार थोडं वाचायला मिळालं.

आजची घसरण

आज प्रबंध पुष्कळ होतात, पण नमुना बहुतेक ठरलेला. धरमपेठ, लक्ष्मीनगर, त्रिमूर्तीनगर भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात संध्याकाळी जायचं, हजर असलेल्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, आणि मुखपृष्ठावर छापायचं ‘नागपूर शहरातील ज्येष्ठ नागरिक’. मंडळात येणारे बहुधा पेन्शनर, चालते-फिरते, मराठी बोलणारे, बहुसंख्य पुरुष. ज्याला घराच्या पायऱ्या उतरता येत नाहीत तो मंडळात येत नाही. जी म्हातारी नातू सांभाळते तिला संध्याकाळ मोकळी नसते. आता तर मोबाइलवर फॉर्म पाठवतात. ज्याला फोन वापरता येतो असाच म्हातारा त्यात येणार, आणि निष्कर्ष काय, तर ज्येष्ठ नागरिक तंत्रज्ञान आनंदाने स्वीकारत आहेत. मार्गदर्शकांनी अशा प्रबंधांवर सह्या करू नयेत. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना गाव दत्तक घ्यायला लावण्याची पद्धत आहे. वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकासाठी ती सक्तीची व्हावी.

माझ्या मतावर नेहमी एक आक्षेप येतो. जाणकार मंडळी म्हणतात, इतके तुकडे केले तर धोरण कशाच्या आधारे आखायचं? वृद्ध म्हणून सगळ्यांची एक मागणी असू द्या, नाहीतर सरकार ऐकणार नाही. संघटनेची गरज मला कळते. पण एकच मागणी असली की ती कोणाची असते? एसटीतली सवलत सगळ्यांना मिळते, आणि जिथे एसटी जातच नाही तिथल्या म्हाताऱ्याला तिचा उपयोग नसतो. रेल्वेची सवलत परत द्या, यासाठी जितका आवाज उठतो, तितका केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा साठ ते एकोणऐंशी वयासाठीचा वाटा इतकी वर्षं दरमहा दोनशे रुपयांवरच अडला आहे, यासाठी उठत नाही. आवाज उठवणारा वर्ग कोणता आहे, हे यावरून कळतं. श्रावणबाळची रक्कम महाराष्ट्राने पंधराशेवर नेली, ते चांगलं झालं. पण त्यासाठीची पासष्टीची अट खाणीत किंवा बिडीवर आयुष्य घालवलेल्याला आणि कचेरीत बसलेल्याला सारखीच लागते. हा समतेचा नियम नाही.

संशोधकांकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. सरासरीच्या शेजारी माणसं किती पसरलेली आहेत ते छापा. आणि ज्यांच्यापर्यंत पोचू शकला नाहीत त्यांची यादी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात द्या, शेवटच्या पानावरच्या मर्यादांमध्ये नको.

वाचकांकडेही एक मागणं आहे. २०२७ ची जनगणना येते आहे आणि तिच्यात जातीचीही नोंद होणार आहे. प्रगणक दारात आला की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढे बसवा. त्याच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. कार्डावरचं साल चुकीचं वाटत असेल तर त्याआधी चार दिवस त्याच्याशी बसून, एखाद्या घटनेवरून खरं वय काढून ठेवा. मातृभाषा तो घरात बोलतो तीच लिहायला सांगा, गोंडी असेल तर गोंडी, हलबी असेल तर हलबी. आणि आई अजून बिडी वळत असेल, शेळ्या राखत असेल, धान निवडत असेल, तर ‘काही करत नाही’ असं सांगू नका. ती काय करते ते तिला सांगू द्या.